लाकडी बैलाचं आवतन

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिवस्यात बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात आणि त्यांच्या कानाशी म्हणतात, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेजारच्या किसनरावांनी बैल विकून ट्रॅक्टर घेतला होता. तरी रीत मोडायला नको म्हणून त्यांनी बोनेटला हळद फासली आणि ट्रॅक्टरलाच आवतन दिलं. ते पाहून चौथीतल्या चारुतानेही पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी आणलेल्या आपल्या लाकडी बैलाला, चितऱ्याला, जेवायला बोलावलं.

ट्रॅक्टर काही आला नाही. चितऱ्या आला.

पोळ्याच्या दुपारी तो चाकं कुरकुरवत स्वयंपाकघराच्या दाराशी थांबला आणि खाकरला. "आवतन होतं. येऊ का आत?"

"तू बोलून राहिला?" चारुताच्या हातातली कढी सांडली.

"आजवर कोनी बलावलंच नव्हतं. बोलाचं काय होतं?" चितऱ्या म्हणाला. "पन पहिलेच सांगून ठेवतो. जेवलो का मी परत लाकूड. जेवल्यावर पाहुन्यानं रेंगाळू नये, असा आमच्यात नियम आहे."

हे त्याने सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण सुताराने त्याच्यात लबाडीला जागाच ठेवली नव्हती.

आईच्या तव्यावर पुरणपोळी टम्म फुगली होती. वर्गातली मोनाली बाक बदलून गेल्यापासून चारुताचं बोलणं ऐकणारं कुणी नव्हतं. तिने पोळीकडे पाहिलं, चितऱ्याकडे पाहिलं आणि ठोकून दिलं, "सयपाक व्हाचा आहे अजून."

"होऊ द्या बाप्पा. घाई कोनाले?"

मग दोघांनी गच्चीवर गप्पांचा फड जमवला. सुताराच्या दुकानातले लाकडी घोडे किती बढाया मारतात, ते त्याने सांगितलं. चारुताने शाळेचं सगळं सांगितलं, अगदी कंटाळवाणंसुद्धा, आणि त्याने एकदाही जांभई दिली नाही. मोठमोठ्या माणसांना हे जमत नाही.

संध्याकाळी ती म्हणाली, "पुरन करपलं." सकाळी म्हणाली, "गॅस संपला."

"तुमच्या गॅसचं पाहा पहिले," चितऱ्या म्हणाला. "माह्यं होईन कसंही." पण त्याचा आवाज बारीक झाला होता आणि पाठीचा रंग पोपडे धरून गळत होता.

त्याच दिवशी तान्हा पोळा भरला. देवळासमोर पोरं आपापले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहिली. केदारच्या बैलाच्या शिंगांवर दिव्यांची माळ होती आणि पोटात गाणी वाजत होती. चितऱ्या एक वाक्य बोलला असता तरी पहिलं बक्षीस चारुताचंच होतं.

"बोलशीन ना?" तिने विचारलं.

"बोलतो ना. मैत्रीन आहेस." त्याने तोंड उघडलं, पण पुढचं चाक लटपटलं. "जरासं थांब. भुकेनं शब्द सापडून नाही राहिले."

परीक्षक दोन बैल सोडून पलीकडे आले होते. चारुता खाली बसली आणि तिने आईने दिलेला पुरणपोळीचा आणि तुपाचा डबा उघडला. "गॅस संपलाच नव्हता," ती म्हणाली.

"मले ठाऊक आहे. पोळीचा वास कालपासून येऊन राहिला."

"मंग बोलला काहून नाही?"

"तुले सोबत पाह्यजे होती. मलेबी काही जायची घाई नव्हती."

चारुताला रडू आवरेना. तरी तिने पोळीचे घास केले, एकेक घास तुपात बुडवला आणि त्याला भरवला. शेवटचा घास देताना तिचा हात थांबला, पण मागे आला नाही. "तूप झकास होतं," चितऱ्या म्हणाला, आणि त्याचे डोळे पुन्हा नुसते रंगवलेले झाले.

तेवढ्यात परीक्षक आले. "हा बैल काय करते गं?"

"जेवला," चारुता म्हणाली.

जेवण्याला गुण नव्हते. बक्षीस केदारला मिळालं आणि ते रीतसरच होतं. चारुताने डोळे पुसले आणि चितऱ्याची दोरी हातात घेतली. भरल्या पोटी धक्के सोसत नाहीत, म्हणून तिवस्याच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे चुकवत ती त्याला हळूहळू घरी घेऊन गेली. तिवस्यात हे सोपं काम नाही.