चौथं मापटं

माझ्या सुनेने तेल परत पाठवलं. भांडण नाही, निरोप नाही, चिठ्ठी नाही. दर महिन्याला मी तेलाचा कॅन बसच्या ड्रायव्हरकडे देते, शहरातल्या थांब्यावर ती तो उतरवून घेते आणि धुतलेला कॅन त्याच्याच हाती उलट येतो. या खेपेला तो जड आला. झाकण उघडलं तर आत तेल. मापट्यात ओतून पाहिलं, काठोकाठ एक मापटं भरलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही.

आमच्या घरात दिलेलं परत घेत नाहीत. परत केलं म्हणजे नातं तोडलं. माझ्या जावेने एकदा माझी गोधडी परत पाठवली, तर मी तिच्याशी अकरा वर्षं बोलले नाही. तिला बरंच वाटलं असेल, ती गोष्ट वेगळी.

मुलगा जाऊन पाच महिने झाले होते. कामावर जिना चढताना छातीत कळ आली आणि वरच्या मजल्यावर पोचलाच नाही. आता तो नाही तर म्हातारीचं तेलही नको, असा मी त्या कॅनचा अर्थ लावला. त्याच्या मागे उरलेल्या दोन नाती तिच्याकडे. ती उद्या मुलींना घेऊन कुठे निघून गेली, तर मी कोणाचं तोंड बघायचं?

तेलाचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू. गावात आम्हाला तेलाचा भाव विचारावा लागत नाही. शेंगा घरच्या, घाणा शेजारचा, आणि घाणेवाला पेंड ठेवून घेतो तीच त्याची मजुरी. महिन्याला माणशी एक मापटं, हा माझ्या सासूचा नियम, तो मी मोडला नाही. शहरात तेल दुधासारखं पिशवीत मिळतं आणि भाव ऐकून भूक मरते. माझ्या मुलाच्या संसारात ती पिशवी कधी शिरली नव्हती.

तेव्हा परत आलेलं तेल पुन्हा कॅनमध्ये ओतलं, कॅन पिशवीत घातला आणि तिच्या सुटीच्या दिवशी बस धरली. ती शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवते, इतर दिवशी घरी सापडत नाही.

दार उघडलं तेव्हा तिच्या बोटात अजून अंगुस्तान होतं. घरीही शिवणं आणलेलं दिसलं.

"कळवलं असतं तर थांब्यावर आले असते, आई."

"तेल पाठवताना तू कुठे कळवलंस?"

मी आत जाऊन टेकले. धाकटी नात येऊन मांडीवर बसली. तिला आम्ही चिमणी म्हणतो, पण बडबड कावळ्याची.

"आजी, आमची भाजी आता पाण्यात पोहते."

"म्हणजे गं?"

"तेल संपलं की आई पाण्यात शिजवते. चार दिवस झाले. ताई म्हणते, दवाखान्यातलं जेवण बरं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उठून कॅन तिच्यासमोर ओट्यावर आपटला. "पोरींना पाण्यात शिजवून घालतेस आणि मला तेल परत? बाहेर काय सांगतेस, सासू देत नाही म्हणून?"

ती खाली वाकली आणि ओट्याखालचा पडदा सारला. मागे चार बाटल्या ओळीने उभ्या होत्या. चारही तेलाने भरलेल्या, बुचांवर प्लास्टिक बांधलेल्या.

"पाचवी बाटली नव्हती," ती म्हणाली.

"हे कुठलं तेल?"

"त्यांच्या वाटणीचं." तिने पडदा तसाच हातात धरून ठेवला. "तुम्ही अजून चार मापटी पाठवता, आई. आम्ही तिघीच आहोत."

मी उभी होते ती स्टुलावर बसले.

घाणेवाला आठवला. गेले पाच महिने मी चौथं मापटं भरायला लागले की तो पाठ फिरवून यंत्र पुसत बसायचा. मला वाटायचं, याचं धंद्यात लक्ष नाही. तोंडाने मी सगळ्या गावाला सांगितलं होतं, माझा मुलगा गेला. हाताला सांगायचं राहिलं होतं.

"मग वापरलं का नाहीस?"

"हात जाईना. त्यांच्या ताटातलं उचलून खातोय असं वाटायचं. मोठी आता माझ्याएवढं जेवते, तीन मापटी पुरत नाहीत. तरी नाही झालं माझ्याने."

"मला सांगायचंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही तीनच पाठवली असती." तिने पडदा सोडला. "तेही नको होतं. पण बाटली उरली नाही, टाकवेना. म्हणून कॅनमध्येच ठेवलं. वाटलं, बघाल तेव्हा कळेल तुम्हाला."

मला कळलं नव्हतं. मोजून पाहूनही कळलं नव्हतं.

मी पहिली बाटली उघडली आणि नाकाशी नेली. खवट झाली होती. ती तशीच बाजूला ठेवली. मग कढई चढवली, कॅन उचलला आणि त्यातलं तेल चांगलं सढळ हाताने ओतलं. मोठीने कांदा आधीच चिरून ठेवला होता, त्यामुळे माझ्या डोळ्यांना तेही निमित्त नव्हतं. कांदा चरचरला तशी चिमणी टाळ्या पिटत आली. सून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. तिला वळायला मी सांगितलं नाही, पाठीलाच बोलले.

"ऐक. मोजणं तुझं बरोबर, चूक माझी. पण मापटी चारच येतील, मी आहे तोवर. चौथं या पोरींच्या भाजीत पडलं पाहिजे. साठवलेलं कसं होतं ते त्या बाटलीचा वास घेऊन बघ. आणि मला परत पाठवू नकोस. तुझ्याकडे निदान चार बाटल्या होत्या. माझ्याकडे त्याच्या वाटणीचं ओतायला काही नाही."