माहेरचा दगड

वत्सलाबाईंनी रांजणखळग्यात खांद्यापर्यंत हात घातला. गार पाणी, तळाशी बोटभर वाळू. दगड नव्हता. त्यांनी पुन्हा चाचपून पाहिलं. वेडी आशा, दुसरं काय!

पेठकडच्या त्या घळीत असे रांजण कितीतरी होते. दगड गोल गोल फिरवून नदीनं हजारो वर्षांत ते कातळात कोरलेले. पाड्यावर लग्न होऊन येणारी प्रत्येक मुलगी माहेरच्या ओढ्यातला एक दगड त्यातल्या एकात टाकायची. पहिल्या पावसाळ्यानंतर तो तिथंच सापडला, की पोरगी नांदली असं म्हणायची रीत होती.

त्यांचा मुलगा किशोर द्राक्षछाटणीला पिंपळगावला गेलेला. त्याच्या बायकोनं, सवितानं, काल सांगून टाकलं होतं, "आत्याबाई, दगड ऱ्हायला तर मी ऱ्हाईन. नाय तर दिवाळीला माहेरी जाईन ती परत येनार नाय."

ती गेली तर घर खायला उठणार, हे वत्सलाबाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि आता थोड्या वेळात ती दगड बघायला येणार होती.

त्या नदीच्या कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. सविताचा दगड त्यांनी लग्नात एकदाच पाहिलेला; तांबूस, मुठीएवढा. तसा एक सापडला तेव्हा लुगडं भिजून जड झालं होतं. काठावर चढताना त्यांना सासू, नवसाबाई, आठवली. सदुसष्ट सालची सकाळ. वत्सलाबाईंनी तेव्हा जायचं म्हणून गाठोडंसुद्धा बांधलं होतं. सासूबाई दारात उभ्या, कमरेपर्यंत ओल्या. "पाय घसरला गं," म्हणाल्या होत्या. त्याच दिवशी दगड सापडला आणि गाठोडं सुटलं.

"आगं माझे बाई!" वत्सलाबाई मोठ्यानं म्हणाल्या. हसू आलं आणि डोळेही भरले. बत्तीस वर्षं त्या दगडाचा तोरा मिरवला होता त्यांनी.

हातातला दगड त्यांनी रांजणात सोडला, तोवर सविता आलीच. तिनं गुडघे टेकून हात घातला, दगड वर काढला, उलटसुलट करून पाहिला.

"माझ्या दगडाला पांढरी शीर व्हती, आत्याबाई."

वत्सलाबाईंच्या लुगड्यातून कातळावर पाणी टपकत होतं. सविता तिकडेच बघत होती.

"पाय घसरला गं," त्या म्हणाल्या.

सवितानं दगडावरून अंगठा फिरवला.

"पुरात झिजली असंल शीर," ती म्हणाली आणि दगड अलगद रांजणात सोडला. "चला घरी. लुगडं बदला आधी, सर्दी व्हईल."