वाकडी गाडी, सरळ बोनेट

बदलापूर-अंबरनाथच्या पट्ट्यात कुणाची गाडी पुढून चेपली, की लोक कात्रपला संदीप डेंटरकडे येत. बारवीकडच्या पाड्यावरचा हा माणूस हातोडी अशी अलगद चालवी, की कुठे चेपलं होतं ते नंतर मालकालाही सापडत नसे. पण कुळगावच्या कल्पेशने टेम्पोतून जे खोकं उतरवलं, त्यात पत्रा नव्हताच. कार्बन फायबरचं काळं बोनेट होतं, ऑनलाइन मागवलेलं आणि स्वस्तातलं.

"उचलून बघ, दादा. एका हाताने!"

संदीपने उचललं. खरंच, पापडासारखं हलकं! मग त्याने ते उन्हात तिरकं धरलं. मधली धाग्यांची वीण झकास, कडेला मात्र जराशी सरकलेली, आणि वरच्या चकाकीत सुईच्या टोकाएवढी भोकं.

"फिनिश घासून काढू, वरून लॅकर मारू. आधी बसतंय का ते बघू."

बसेना. उजवी बाजू चाकावरच्या फेंडरला घासत होती, डावीकडे बोट जाईल एवढी फट. संदीपने बिजागऱ्या सैल केल्या, वॉशर टाकले, काढले. दोनदा चहा झाला. हात हातोडीकडे जायचा आणि मागे यायचा. हे ठोकलं तर वाकणार नाही, तडकेल.

"वाटलंच होतं," कल्पेश वैतागला. "सस्ता माल! परतच पाठवतो."

संदीपला हो म्हणायला काय जात होतं? पण टेप हातात होती, म्हणून त्याने बोनेट कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकं मोजलं. दोन्हीकडून सारखं. मग गाडीवरची बोनेटची जागा तशीच मोजली. चांगला बोटभर फरक.

तो वाकून आत बघू लागला. डाव्या बाजूला, लाल रंगाखाली, वेल्डिंगचे टाके जोडीजोडीने दिसले. अख्ख्या बदलापुरात असे टाके एकच माणूस टाकायचा.

तो स्वतः. वांगणीजवळ ठोकलेली एक चंदेरी गाडी त्याला आठवली. गणपती चार दिवसांवर आले होते, मालक घाईत होता. सांगाडा नीट ओढत बसण्याऐवजी संदीपने बोनेटचा पत्राच वाकड्या गाडीच्या बेताने वाकवला होता. दिसली होती एकदम मस्त. पुढे ती विकली गेली, लाल झाली आणि फिरत फिरत कल्पेशकडे आली.

कल्पेश खोक्याला चिकटपट्टी लावत होता.

"थांब," संदीप म्हणाला. "बोनेट सरळ आहे. गाडी वाकडी आहे. आणि ती मीच तशी सोडली होती."

कल्पेश उठून गाडीपाशी आला. "म्हणजे दोन वर्षं मी वाकडी गाडी पळवतोय?"

"हायवेला डावीकडे ओढते ना?"

"हो रे! मला वाटलं टायरचा लोचा आहे!"

"टायरचा नाही, माझा. ठेव गाडी. हे काम माझ्याकडून."

कल्पेशने एक शिवी हासडली आणि मग चिकटपट्टी सोलायला बसला.

दोन दिवस साखळी लावून संदीप सांगाडा इंच इंच ओढत होता. ओढायचा, मोजायचा, पुन्हा ओढायचा. तिसऱ्या दिवशी बोनेट ठेवलं आणि तळव्याने दाबलं. ठक! दोन्हीकडची फट एकसारखी. कल्पेशने पाणी लावून स्वतः पॉलिशपेपर मारला, संदीपने लॅकर. कडेची दोन-तीन भोकं राहिलीच, पण ती शोधायला नाक टेकवावं लागत होतं. कल्पेश गाडी हायवेला फिरवून आला तो हसतच.

कल्पेशची आई मोतीबाईही गाडी न्यायला आली होती. लाल गाडीभोवती तिने एक फेरी मारली आणि काळ्या बोनेटपाशी थबकली.

"यवरे दिस गारी ठेवली, न पुरं रंग द्याला इसरले का र?"

कल्पेश तिला कार्बन फायबर म्हणजे काय ते समजावू लागला. संदीप तीन दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसला.