मुक्ताईच्या मलमाची डबी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी डबी आहे. माझ्या झाकणाला एक पोचा आहे. तो माझ्या तारुण्यातला आहे, त्याबद्दल विचारू नका. माझ्या पोटात राळेचं मलम असतं. राळ, मेण आणि तिळाचं तेल मंद आचेवर एकत्र विरघळवून ते करतात आणि हातापायांच्या भेगांवर लावतात. त्याला गुलाबाचा वास येत नाही, हे मी मान्य करते. पण भेगा भरून येतात.

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. ठोके खाऊन मी गोल झाले, आतून मला कल्हई लागली आणि बिबवेवाडीच्या द्वारकाबाईंनी मला विकत घेतलं. द्वारकाबाईंची कॉलेजच्या पोरांसाठी खानावळ होती. बीडकडून पुण्यात आलेली मुक्ताई तिथे भांडी घासायची. सोड्याच्या पाण्यानं आणि भांड्यांच्या पावडरीनं तिचे हात पार फुटले होते. एकदा धुतलेल्या ताटाच्या कडेला रक्ताचा ठिपका दिसला. द्वारकाबाई ताट उजेडात धरून म्हणाल्या, "मुक्ता, बाहेर पाटीवर शुद्ध शाकाहारी लिहिलंय आपण." मुक्ताईची मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी त्याच द्वारकाबाईंनी मला मलमानं गच्च भरून तिच्या हातावर ठेवलं आणि त्या डाळीला फोडणी द्यायला निघून गेल्या.

मुक्ताईच्या घरी माझं खरं आयुष्य सुरू झालं. तिची लेक अपेक्षा तेव्हा शाळेत होती. दुपारी आई कामावरून आली, की अपेक्षा पातेल्यात कोमट पाणी घ्यायची. आईचे हात त्यात बुडवायची, जुन्या धोतराच्या फडक्यानं हलकेच टिपायची आणि एकेका भेगेत मलम भरायची. मग दोन्ही हातांवर जुने सुती पायमोजे चढवायची. "आता कश्शाला हात लावायचा नाही!" असा तिचा हुकूम असे. मुक्ताई मोजे घातलेले हात मांडीवर ठेवून स्वतःच्याच घरात पाहुणीसारखी बसायची, आणि लेक तिला धडे वाचून दाखवायची. मुक्ताईचा नवरा उत्तरेश्वर वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचा. तो दारातून हे बघायचा आणि पेपर उघडायचा. बायकोचा हात हातात घेणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं.

मग दिवस पालटले. घरात रंगीत टीव्ही आला आणि त्यात रोज नवं क्रीम दिसू लागलं. अपेक्षा कॉम्प्युटर इंजिनियर झाली, हिंजवडीच्या कंपनीत लागली आणि पहिल्या पगारात तिनं आईला एक सुगंधी ट्यूब आणली. माझी रवानगी मसाल्याच्या डब्यांमागे झाली. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? ट्यूब वाईट नव्हती बिचारी. पण पुढे अपेक्षाचं लग्न झालं, नवऱ्याबरोबर ती अमेरिकेला गेली आणि आईचे हात धरून बसणारं घरात कुणी उरलं नाही. मुक्ताईला स्वतःपुरतं काही करायची सवय नव्हती. ट्यूब फडताळात वाळून गेली. हात पुन्हा फुटले.

एके रविवारी अपेक्षाचा फोन आला. "आई, मला दिवस गेलेत. बाळंतपणाला तूच ये." मुक्ताईनं बाळाला अंघोळ घालायची, टाळू भरायची, पायांवर घेऊन मालिश करायची स्वप्नं लगेच बघायला घेतली. पासपोर्ट झाला, व्हिसासाठी मुंबईची तारीख मिळाली. आणि आदल्या संध्याकाळी तिनं घोटाळा केला. "गोऱ्या साहेबापुढं मळके हात कसे न्यायचे?" असं म्हणत ती टाचा घासायची वज्री आणि लिंबू घेऊन मोरीत बसली. भेगांतला काळेपणा जाईपर्यंत तिनं बोटं घासली. मी डब्यांमागून ओरडत होते, पण डबीचं कोण ऐकतं? काळेपणा गेला आणि त्याबरोबर कातडीही गेली.

दुसऱ्या दिवशी मुंबईच्या व्हिसा ऑफिसात ठसे घ्यायच्या काचेवर तिनं बोटं ठेवली, पण ठसे उमटेनात. खिडकीमागच्या मुलीनं पुन्हा पुन्हा प्रयत्न केला आणि शेवटी मऊ आवाजात सांगितलं, "मावशी, हात बरे झाले की परत या."

घरी आल्यावर मुक्ताई भिंतीला टेकून रडली. "भांडी घासून घासून बोटंच पुसली गेली हो माझी. लेकीच्या बाळाला हात लावायचं नशिबात न्हाई."

उत्तरेश्वर उठून स्वयंपाकघरात गेला. त्यानं मसाल्याचे डबे बाजूला सारले आणि मला बाहेर काढलं. माझ्यातलं मलम दगड झालं होतं. मला घेऊन तो द्वारकाबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "आठवण झाली का? लवकर आलात." आणि त्यांनी लगेच राळ काढली. मुक्ताईला त्यांनी निरोपही धाडला, "हात बरे होईपर्यंत माझ्या एका चमच्याला हात लावलास तर याद राख."

पहिल्या दुपारी उत्तरेश्वरनं तिच्या हाताला ग्रीस लावावं तसं मलम थापलं. "अहो, मी काय लेथ हाय का?" मुक्ताई म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी असतानाही हसली. मग तो एकेक बोट घेऊन सावकाश मलम भरायला शिकला. घरची भांडीही तोच घासू लागला. मोजे घालून बसलेली मुक्ताई बोलत राहायची, माहेरचं, पुण्यात आल्या वर्षीचं, कधी न सांगितलेलं. तो ऐकायचा. पेपर घडीत तसाच पडून असे. इतक्या वर्षांत इतकं सुख मी पाहिलं नव्हतं. हळूहळू भेगा मिटल्या, बोटांवर रेषा उमटल्या आणि दुसऱ्या खेपेला काचेनं सगळी बोटं ओळखली.

मुक्ताईची बॅग भरताना मी ओट्यावर तयार होते. तेवढ्यात अपेक्षाचा फोन आला, "मलम वगैरे आणू नकोस गं, इकडे सगळं मिळतं." मी ओट्यावरच राहिले. मित्रांनो, माझं नशीब बघा. मी काम चोख केलं, म्हणूनच ते हात माझ्यापासून दूर गेले.

मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. उत्तरेश्वर अजून दुपारी सवयीनं पाणी कोमट करतो, मग आठवतं आणि त्याच पाण्याचा चहा टाकतो. परवा त्यानं फोनवर विचारलं, "हात कसे हायत?"

"एकदम मऊ! इथं भांडी मशिन धुतंय," मुक्ताई म्हणाली. "पोरगी माझं बोट धरलं की सोडत न्हाई."

"बरं झालं," तो म्हणाला. फोन ठेवून त्यानं माझं झाकण उघडलं, थोडा वेळ आत बघितलं आणि पुन्हा लावलं. मला त्याची दया आली, आणि माझीही.

म्हणून सांगते मित्रांनो, तुमच्या घरी भांडी घासणारे, धुणं धुणारे हात असतील. आज ते कोमट पाण्यानं धुवा, टिपा, त्यांना काहीतरी लावा. मीच पाहिजे असं नाही, खोबरेल तेलसुद्धा चालेल. आणि भेगा नसल्या तरी ते हात थोडा वेळ आपल्या हातात असू द्या. भेगा पडेपर्यंत थांबलेला एक माणूस इथे माझ्यासमोर बसून तिच्या परतीच्या विमानाची वाट बघतो आहे.