शेवाळावरची हिरवी माशी

पाहुणी येणार आणि माझ्या दारामागे माश्या? छे! कोळणीच्या घरी माशी दिसली की लोक मासळीला नाव ठेवतात. मंगळवारी सकाळीच उठले, अर्धी बाटली फिनेल ओतलं आणि मागच्या दगडांवरचं शेवाळ खराट्याने खरवडून काढलं. दगड नुसते लखलखीत.

स्पृहा आली, दगड बघितले आणि मटकन खालीच बसली.

"तुळसामावशी, हे काय केलंत?"

ही परळच्या कॉलेजची पोर. लांब पायांच्या माश्यांवर अभ्यास करते. तिळाएवढी हिरवी माशी, ओल्या शेवाळावर राहणारी. माद्या तिला याच दगडांवर मिळाल्या होत्या, पण प्रजाती ठरते म्हणे नराच्या पायांवरून. उद्या प्रबंध द्यायचा, आणि नराचा पत्ता नाही. हे सगळं तिने मला आधी सांगितलं होतं. मी 'माश्या' ऐकूनच भडकले होते. आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"रडू नको गो. ओहोटी आहे, चल."

लहानपणी कालवं काढायला जायचे, त्या खडपावर, समुद्रातल्या खडकांवर, घेऊन गेले तिला शिवडीच्या चिखलातून. तिची एक चप्पल चिखलाने गिळली, तेव्हा कुठे पोर हसली.

खडपावर शेवाळ होतं आणि माश्याही. एक मेला मादीसमोर पाय हलवून असा नाचत होता, जसा माझा लेक दिनेश हळदीत नाचतो. ती ढुंकून बघेना.

"तोच! नर!" स्पृहाने जाळी मारली. उडाला. परत मारली, परत उडाला. तिकडे पाणी फिरलं होतं, भरती चढत होती.

"हो बाजूला. सावली पाडतेस त्याच्यावर."

चिखलातली निवटी मासळी धरताना सावली पाडायची नाही, हे आमची पोरं चालायच्या आधी शिकतात. काचेची नळी घेतली, उकिडवी बसले, श्वास रोखला. पाणी घोट्याला लागलं. आला मेला, पुन्हा नाचायला लागला. घातली नळी!

स्पृहाने भिंग लावलं. नळी उजेडाकडे फिरवून एकेक पाय निरखला. माझा जीव टांगणीला.

"मावशी, ठरली! प्रजाती ठरली!" अशी किंचाळली की बगळे उडाले. चिखलासकट मला मिठी मारली. मीही नाचले, लाज कसली!

मग ती चिठ्ठी लिहायला बसली. कुठे मिळाली, कधी, कुणी पकडली, सगळं लिहावंच लागतं म्हणे, आणि ते माशीसोबत कायमचं राहतं. 'कुणी'च्या पुढे तिने लिहिलं, तुळसा. माझे डोळे भरून आले.

"आडनाव पण घाल गो," मी म्हटलं. "तांडेल. कोळीवाड्यात तुळसा चार आहेत, दुसरीच कोणीतरी मिरवायची."