पाटीवरचा राघू

तुळसा धामापूरहून कट्टा गावी आली ती सकाळच्या पहिल्या एसटीने. आपोलिनाबाई तेव्हा पडवीत टेबलाशी बसून पक्ष्यांची यादी उतरवत होत्या. बाईंना निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती. शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन म्हापशाला गेली आणि पक्षी बघण्याची जुनी आवड तेवढी सोबतीला राहिली. म्हणूनच धामापूरच्या तळ्याकाठी पक्ष्यांची माहिती देणारी पाटी लावायची ठरली, तेव्हा गावच्या समितीने नावांचं काम त्यांच्याकडे दिलं. चाळीस पक्षी, प्रत्येकाचा फोटो आणि खाली मराठी नाव.

तुळसा खुर्चीवर बसली नाही. खांबाला टेकून उभी राहिली.

"बाई, ती तळ्याकडची पाटी तुमी लिवतास मां?"

"यादी मी करतंय. पाटी कुडाळाक छापतले."

"तेच्यात तो वेडो राघू आसा?"

"आसा. कित्याक गो?"

तुळसाने पदराने तोंड पुसलं. "माझ्या झिलाक लोक तसाच म्हणतत. रघूक. तो रोज थंय जावन बसता, पायऱ्यांर. तेका वाचूक येता, बाई. धावी शिकलो आसा."

आपोलिनाबाईंना तुळसाचा मुलगा रघुनाथ आठवला. आठवीत त्यांच्याच वर्गात होता. सडपातळ, सतत उशिरा येणारा, अक्षर मात्र सुंदर. पुढे तो गोव्यात एका हॉटेलात कामाला लागल्याचं त्यांनी ऐकलं होतं. दोन वर्षांनी परत आला तो बोलणं टाकूनच. तेव्हापासून ओरोसच्या इस्पितळातून गोळ्या आणायच्या, त्या द्यायच्या आणि त्याला सांभाळायचं, एवढंच तुळसाचं आयुष्य होऊन बसलं होतं. आता तो सदतीस वर्षांचा होता.

"तुमी दुसरा नाव घाला," तुळसा म्हणाली. "कायव चलात. फक्त ता नको."

"बघतंय मी," बाई म्हणाल्या. त्यांना हे काम अगदी सोपं वाटलं होतं.

समितीची बैठक जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दत्तारामच्या काजूच्या गोदामात भरली. दत्ताराम समितीचा अध्यक्ष. बाकी दोघं-तिघं गावातली आणि कुडाळचा कौस्तुभ. पाटीवरचे सगळे फोटो कौस्तुभने काढलेले होते. सुट्टीचे दिवस घालवून, उन्हातान्हात बसून काढलेले. बाईंनी विषय काढला तेव्हा त्याने लॅपटॉपवरून मान वर केली.

"बाई, हे नाव मी ठेवलेलं नाही. लोक म्हणत आलेत. माझी आजी त्याला वेडा राघू म्हणायची आणि माझ्या मुलीला मी तेच शिकवलंय. पाटीवर भलतंच काही लिहिलं तर पुस्तक घेऊन येणाऱ्या माणसाला वाटेल, ह्यांना पक्षीच ओळखता येत नाहीत."

"खाली शास्त्रीय नाव असेलच ना?"

"ते कोण वाचतं? आणि एकासाठी बदललं की मग थांबायचं कुठे? शिंपी आहे, सुतार आहे, धोबी आहे. सगळ्यांना नवी नावं शोधत बसायचं का?"

"मागच्या बैठकीत आपण एक नाव बदललंच की. त्यात जात होती म्हणून. तेव्हा कुणी पुस्तक काढलं नाही."

हे खरं होतं. ते नाव दत्तारामनेच काढायला लावलं होतं आणि दोन मिनिटांत विषय संपला होता.

"ता वेगळा, बाई," दत्ताराम म्हणाला. "तसा नाव ठेवला आसता तर लोक पंचायतीर मोर्चो घेवन इले आसते. येड्यांचो मोर्चो काय येवचो नाय."

दोघं हसले. कौस्तुभ हसला नाही. तो म्हणाला, "बघतो मी, बाई." आपोलिनाबाईंनी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

दुसऱ्या दिवशी त्या तळ्यावर गेल्या. रघुनाथला इतक्या वर्षांत त्या कधी मुद्दाम भेटल्या नव्हत्या. रस्त्यात दिसला तर मान हलवायच्या, एवढंच. भगवतीच्या देवळाकडून उतरणाऱ्या पायऱ्यांवर तो बसला होता. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, केसांना तेल. तुळसा त्याला असाच तयार करून पाठवत असणार. बाई दोन पायऱ्या वर बसल्या.

"रघुनाथ, माका वळाखलंस?"

मान वळवून तो म्हणाला, "विज्ञान."

"बरोबर."

समोर पाण्यावर वाकलेल्या फांदीवर एक हिरवा पक्षी बसला होता. तो सुर्रकन उडाला, हवेतच काहीतरी पकडलं आणि फिरून त्याच फांदीवर, त्याच ठिकाणी येऊन बसला. रघुनाथने त्याच्याकडे बोट केलं.

"तुमीच दाखवलात माका तो."

"मी? कधी?"

"आठवीत. खिडकीतसून. तारेर बसललो." तो सावकाश, एकेक शब्द मोजून बोलत होता. "मी उशिरान इलंय. दारात उभो. तुमी म्हटलात, तो बघा वेडा राघू. सगळी पोरां माझ्याकडे बघूक लागली."

बाईंना काहीच आठवेना. तारेवरचा पक्षी नाही, दारातला मुलगा नाही. आणि मग, उगाचच, स्वतःचं हसू आठवलं. वर्ग खो खो हसत होता आणि फळ्याकडे तोंड करून त्याही हसल्या होत्या, कारण ते खरोखरच गमतीदार जुळून आलं होतं. मागे वळल्या तेव्हा मुलगा जागेवर जाऊन बसला होता. त्यानंतर त्यांनी वनस्पतीचा धडा शिकवला असेल, किंवा ध्वनीचा. तो दिवस त्यांच्यासाठी तिथेच संपला होता.

"मी तुका म्हणूक नव्हतंय रे," त्या म्हणाल्या.

"पक्ष्याकच म्हटलात," रघुनाथ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "तो पण येडो नाय. परत परत थंयच येता म्हणान लोक म्हणतत. ती तेची जागा."

त्या दिवशी घरी आल्यावर बाईंनी कौस्तुभला लांबलचक मेसेज लिहिला. शाळेतली गोष्ट त्यांनी त्यात लिहिली नाही. लिहून पुसली. नुसता राघू ठेवा किंवा हिरवा राघू लिहा, माझी विनंती आहे, एवढंच पाठवलं. कौस्तुभचा अंगठा आला.

पाटी सव्वीस जानेवारीला लागली. झेंडावंदन आटोपून गावकरी, शाळेची मुलं आणि पंचायतीची माणसं तळ्यावर जमली. दत्तारामने नारळ फोडला. गर्दी पांगल्यावर आपोलिनाबाई पुढे झाल्या. फोटो खरंच देखणे होते. चौथ्या ओळीत, डावीकडून दुसरा. हिरव्या पाटीवर ठसठशीत काळ्या अक्षरांत वेडा राघू. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, नावांचे संकलन : आपोलिना फर्नांडिस.

रघुनाथ पाटीसमोर उभा होता. त्याचे ओठ हलत होते. तो पहिल्या ओळीपासून एकेक नाव वाचत होता. चौथ्या ओळीत थोडा थांबला आणि पुढच्या नावाकडे गेला. चाळीसही नावं वाचून झाल्यावर पायऱ्यांवर आपल्या जागी जाऊन बसला. तुळसा देवळाच्या पारावर होती. बाईंनी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

बाईंनी लावलेला फोन कौस्तुभने उचलला. "बाई, मला ते पटलं नाही. म्हणून बदललं नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ही माझी चूक. पण नाव बदलून त्या माणसाचं दुखणं जाणार आहे का?"

"जाणार नाही," बाई म्हणाल्या. मी लावलेलं नाव आहे ते, हे सांगण्याची त्यांना तेव्हाही हिंमत झाली नाही.

फेब्रुवारीत एका मंगळवारी भर दुपारी त्या हिरव्या ऑइलपेंटचा लहान डबा आणि ब्रश पिशवीत घालून तळ्यावर गेल्या. काठावर कुणी नव्हतं. रघुनाथ जेवायला घरी गेलेला. बाईंनी फक्त वेडा हा शब्द रंगवून टाकला. राघू तसाच ठेवला. रंग पाटीशी जुळला नाही, थोडा गडद झाला. तरी घरी परतताना त्यांना कितीतरी दिवसांनी मोकळं वाटलं होतं.

दोन महिने कुणी काही बोललं नाही. मग मे महिना आला. मुंबईची माणसं, पर्यटक, गाड्या. पाटीसमोर उभं राहून फोटो काढणारा प्रत्येक जण त्या गडद ठिपक्याकडे बघून विचारायचा, हे काय खोडलंय? चहाच्या टपरीवरचा माणूस सांगायचा; बैठकीतलं बोलणं गावात फिरलंच होतं. आधी नाव सांगायचा, मग ते का खोडलं ते सांगायचा, आणि मग हनुवटीने पायऱ्यांकडे खूण करायचा. जानेवारीपर्यंत रघुनाथला तसं म्हणणारी गावातली आठ-दहा टाळकी होती. मे संपायच्या आत तळ्यावर येणारा जो तो त्याला त्या नावाने ओळखू लागला.

एक दिवस बाहेरून आलेल्या चार-पाच तरुणांनी त्याला गोड बोलून पाटीजवळ उभं केलं आणि मोबाइलवर चित्रीकरण केलं. त्यात एक जण विचारतो, "तुझं नाव काय?" रघुनाथ सरळ उभा राहतो आणि शाळेत हजेरी द्यावी तसं पूर्ण नाव सांगतो. स्वतःचं, बापाचं, आडनाव. ते हसतात. पुन्हा विचारतात. तो पुन्हा सांगतो. असं सहा वेळा. ते चित्रीकरण कट्ट्याच्या बाजारात फिरलं आणि बाईंच्या मोबाइलवरही आलं. त्यांनी ते एकदाच पाहिलं.

दुसऱ्या सकाळी रघुनाथ दगड घेऊन पाटी खरवडताना सापडला. बाईंनी लावलेला रंग त्याने कोपऱ्या-कोपऱ्यातून काढला होता. खालची काळी अक्षरं ओरखडे पडून पुन्हा दिसू लागली होती. त्याची बोटं सोलवटून निघाली होती. दत्तारामने येऊन त्याचा हात धरला आणि विचारलं, "ह्या काय करतंस?"

"ता वाचूंदेत," रघुनाथ म्हणाला. "वाचला काय मगे कोण विचारूचो नाय."

त्यानंतर तो तळ्यावर गेला नाही. घरात आतल्या खोलीत बसू लागला. आधी जेवण कमी झालं, मग गोळ्या थुंकू लागला. एकदा तुळसा त्याला दंडाला धरून उठवायला गेली तेव्हा त्याने तिला ढकललं आणि ती चुलीवर पडली. शेवटी तुळसाच्या पुतण्याने गाडी केली आणि त्याला रत्नागिरीच्या इस्पितळात नेलं. जाताना त्याने विरोध केला नाही. गाडीत बसल्यावर काच वर करायला सांगितली, इतकंच.

ही बातमी आपोलिनाबाईंना रविवारी, मिसा सुटल्यावर चर्चच्या आवारात कळली. त्या तशाच धामापूरला गेल्या. तुळसा मागीलदारी आमसुलं वाळत घालत होती. उजवा हात कोपरापर्यंत फडक्याने गुंडाळलेला. तिने बाईंना पाट दिला, पाणी दिलं आणि पुन्हा कामाला लागली.

"तुळसा, माझा चुकला," बाई म्हणाल्या. "मी ता रंगवूक नको होता. आणि..." त्यांनी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "ता नाव मीच घातलंय तेका. वर्गात. माका म्हायतच नव्हता."

तुळसाचा हात थांबला नाही.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली. "त्या दिसा तो घराक इलो आणि माका विचारल्यान, आये, बाई माका वेडो म्हणाली, ता खरा काय? तवा तेका काय एक नव्हता. चांगलो होतो. मी म्हटलंय, बाई गमतीन म्हणाली असतली."

"मगे माझ्याकडे कित्याक इलंस?"

"दुसऱ्या कोणाकडे जातलंय? तुमीच घातलात, तुमकाच काढूक येतला असा वाटला." ती तशीच खाली बघून बोलत होती. "तुमी नाव घातलात म्हणान तो असो झालो, असा मी म्हणूचंय नाय. डाक्टरान सांगल्यान, ह्या रक्तातला असता. तेच्या बापाचो भाव पण तसोच होतो. पण बाई, माणूस पडलो काय तेका धरूक कायतरी लागता. तेच्याकडे नावव धड ऱ्हवला नाय."

बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तुळसाने ते पाहिलं आणि आमसुलांकडे वळली. डोळे पुसून बाईंनी विचारलं, "तू रत्नागिरीक कधी जातलंस? मी येतंय वांगडा. माझ्या म्हापशाच्या लेकीची गाडी मागवतंय. तुका एसटीचो त्रास नको."

"नको, बाई."

"माका तेका भेटूचा आसा. एकदा सांगूचा आसा."

"काय सांगतलात?" तुळसाने पहिल्यांदाच सरळ त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, फक्त ती फार थकलेली दिसत होती. "तुमका बघल्यान काय तेका शाळा आठवतली. नर्स म्हणता, आता जरा निजता. निजू दे तेका."

बाई उठल्या. तुळसाने आमसुलांची एक पुडी बांधून त्यांच्या हातात दिली, घरी आलेल्या कुणालाही द्यावी तशी. बाईंनी ती घेतली. नाही म्हणायचं धैर्य त्यांना झालं नाही.

कट्ट्याला जाणारी एसटी पाऊण तासाने होती. थांब्यावर सावली नव्हती. शाळेतला एक जुना विद्यार्थी मोटारसायकल थांबवून म्हणाला, "बाई, सोडू काय?" बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. चेहरा ओळखीचा होता, पण नाव काही केल्या आठवेना. "नको रे बाबा," त्या म्हणाल्या, आणि एसटी येईपर्यंत उन्हात उभ्या राहिल्या.