झुलाल आबाच्या पायऱ्या

झुलाल आबाच्या पायात नारू निघाला होता, अन् नेमका त्याच पायात त्याला पायमोजा चढवायचा होता.

नारू ज्याला झाला त्याला सांगायला नको. बाकीच्यांनी इतकंच समजा, की पांढऱ्या दोऱ्यासारखा हातभर किडा असतो. घोट्यापाशी फोड येतो, फुटतो, अन् आतून हा दोरा डोकं काढतो. मग तो तुराटीच्या काडीवर गुंडाळायचा, रोज थोडा थोडा, देवाचं नाव घेत. घाईनं ओढला की तुटतो. तुटला की पाय भोपळ्यासारखा सुजतो. मग गाव पेरणी करतं अन् आपण खाटेवरून आभाळ बघायचं.

"ती काडी काय मोजामा दपाडशात का?" भागाबाईनं, म्हणजे आबाच्या बायकोनं, कंबरेवर हात ठेवून विचारलं. "नका जाऊ. तुटना म्हणजे मीच तुम्हले पेज पाजत बठसू."

"आज नही गया ते कव्हय जाऊ? आज मन्ह्या पायऱ्यास्नं नाव निंघी."

नारू लपवायला काढलेले पायमोजे जावयाचे होते, लग्नातले. आबानं जन्मात पहिल्यांदा पायमोजा घातला, तो असा.

आबा तालुक्याच्या आरोग्य कमिटीवर गावाचा माणूस. शिकला म्हणून नव्हे. आवाज मोठा म्हणून. गावाच्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या कधीच्या ढासळलेल्या, खाली उतरायची सोयच नाही. बायका काठावरून दोर टाकून पाणी ओढायच्या, हाताला घट्टे पडायचे. आबानं मनात घेतलं की आपण कमिटीवर आहोत तर गावाला सुख दिलं पाहिजे. थेट पाण्यापर्यंत घडीव दगडाच्या पायऱ्या बांधून घेतल्या. उन्हाळ्यात जिथं पाणी लागतं, त्या पायरीवर बापाचं नाव कोरलं. भागाबाई तेव्हा म्हणाली होती, "दोर काय वाईट शे?" आबा म्हणाला होता, "तुले काय समजस?"

पुढच्या वर्षापासून गावात नारू निघायला लागले. कुणी वैशाखाच्या उन्हाला बोल लावला, कुणी शेजारच्या गावाच्या नजरेला. आबानं विचार केला अन् वांग्याचं भरीत हेच कारण ठरवलं. भरीत गरम पडतं म्हणे. साऱ्या गावाला भरीत बंद केलं, अन् स्वतःही भाकरी नुसत्या ठेच्याशी खाल्ली. एवढं डोकं चालवूनही नारू काही थांबला नाही.

कमिटीच्या बैठकीसाठी अमळनेरला जायला जीवरामनं बैलगाडी जुंपली. जीवराम आबाचा शेजारी. पायमोजा बघून म्हणाला, "आबा, एकच पाय सायेब व्हयना का?" दुसरा मोजा आबा घाईत घरीच विसरला होता.

कचेरीत हिरवं कापड टाकलेलं लांब टेबल. अध्यक्षाच्या खुर्चीत लीलाधरशेठ, कापसाचे व्यापारी. त्यांच्या बाजूला जळगावहून नवा आलेला तरणा डॉक्टर. जीवराम दारात उकिडवा बसला. सालभरात कुठं काय झालं अन् पुढच्या साली काय करायचं, हे ठरायचं होतं. कुठं देवीची लस टोचली, कुठं दवाखान्याचं छप्पर गळतं, असं सगळं झालं. शेवटी शेठ उभे राहिले.

"सगळ्यात नमुन्याचं काम आमच्या झुलाल आबांचं. असल्याच पायऱ्या पुढच्या साली तालुक्याच्या दर गावात बांधाव्या, असं मी मांडतो."

टाळ्या वाजल्या. आबाची छाती अशी फुगली की बंडीचा बंद सुटला.

"आबा," डॉक्टरनं विचारलं, "तुमच्या गावात नारू आहे का?"

"छे! आमच्याकडं नारूचं नाव नाही," आबा शुद्ध भाषेत म्हणाला.

तेवढ्यात मोज्यात असं चुरचुरलं, जसं कुणी नाव घेऊन हाक मारली. दारात जीवराम खोकला. आबानं डोळे वटारले.

"मी विचारतो, कारण मला ह्या पायऱ्यांचीच भीती वाटते," डॉक्टर म्हणाला. "नारूवाल्या माणसानं पाण्यात पाय घातला की नारू आपली पिल्लं पाण्यात सोडतो. तेच पाणी घागरीत जातं, पोटात जातं, अन् वर्षानं दुसऱ्याच्या पायातून नारू निघतो. वरून दोरानं पाणी ओढलं तर पाय पाण्याला लागतच नाही."

आबाच्या कानशिलाला घाम फुटला. पाय जळायचा म्हणून तो रोज सकाळी विहिरीत उतरायचा. बापाच्या नावावर उभा राहायचा, गार पाण्यात पाय सोडायचा, अन् 'काय सुख बांधलं रे आपण' म्हणून स्वतःलाच शाबासकी द्यायचा. शेजारी बायका घागरी बुडवायच्या. भागाबाईसुद्धा. मागच्या उन्हाळ्यात जीवरामची म्हातारी आई नारूनंच खाटेवर पडली होती. गेल्या साली आबाच्या दुसऱ्या पायातही नारू होता, अन् तोही पाय तिथंच गार केला होता.

भरीत बिचारं निर्दोष होतं.

"शिकल्या माणसांच्या शंका संपायच्या नाहीत," शेठ हसले. "पसंत असेल त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. सवयीनं आबाचाही अर्धा गेला. आता नुसतं गप्प बसलं की झालं. नाव होतं, बापाचं नाव होतं, पायमोजा होता. अन् पुढच्या साली गावोगाव असेच दगड बसणार होते.

आबानं पाय उचलला अन् हिरव्या कापडावर ठेवला.

"हात खाली करा, बावा हो! आधी हाई देखा."

मोजा निघाला. काडी दिसली. शेठनी खुर्चीसकट माघार घेतली.

"अहो, आत्ताच म्हणालात ना, नाव नाही म्हणून?"

"ते मी नाही, शेठ. पायमोजा बोलला."

डॉक्टरनं पाय दोन्ही हातांनी धरला. "हलू नका. हा पाय पाण्यात घातला होता?"

"रोज. बठ्ठ्या गावाच्या पिण्याच्या पाण्यात." आबाचा मोठा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला. "कोणाच्या पायऱ्या फोडायच्या असतील तर पहिल्या माझ्या फोडा. वर कठडा बांधा, रहाट लावा."

"पण तिथं वडिलांचं नाव आहे ना?" शेठ म्हणाले.

आबानं मोजा खिशात कोंबला. "म्हाताऱ्याला वर काढू. कठड्यात बसवू. तीन साल झाली, ओल्यात उभा शे तो."

येताना पाय गवताच्या पेंडीवर. जीवरामनं बैलांना चुचकारलं. मग म्हणाला, "आबा, आते भरीत खाऊ का?"

"खाय, बावा. तुन्ही मायले बी दे."

घरी भागाबाईनं आधी काडी बघितली. नारू शाबूत होता. मग विचारलं, "काय ठरनं?"

"दोर," आबा मिशीत पुटपुटला.

"काय?"

"दोर ठरना!"

"मंग मी काय सांगेल व्हतं?"

आबानं पहार मागितली. ती तिनं आधीच उतरंडीमागं सारली होती. म्हणाली, पाय मोकळा होऊ दे, मग फोडा काय फोडायचं ते.

सकाळी पाय जळायला लागला तसा आबा सवयीनं निघाला. विहिरीच्या पहिल्या पायरीपाशी थबकला. मागं वळला अन् लांब, निंबाखाली जाऊन बसला. भागाबाईनं माळ्यावरचा जुना दोर काढला होता. तिनं काठावरून बादली ओढली, तिथवर आणली अन् पायावर पाणी सोडलं. तिचे तळहात लाल झाले होते.

"कमिटीवर तुम्ही," ती म्हणाली, "अन् दोर मन्हा हातमा."

आबाला हसू आलं.

"हालू नका! तुटी ना तो!"